चाक चढणारं की थांबणारं?

बारामती-इंदापूरचा हिवाळा गळिताचा असतो. दिवाळीच्या आगेमागे सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा अशा कारखान्यांच्या चिमण्यांतून धूर निघू लागतो आणि पुढचे चार-पाच महिने दोन्ही तालुक्यांतले रस्ते उसाच्या ताब्यात जातात. फडातून निघालेल्या ट्रॉलीच्या चाकांना चिकटलेली काळी माती डांबरावर गळते, त्यावर पाचट आणि चिरडलेली टिपरं पडतात, वरून पहाटेचं दव. थार, स्कॉर्पिओ, जिम्नी किंवा बोलेरो घेतलेल्याला हिवाळ्यात गाडी चालवायची ती याच रस्त्यावर.

पुढचं बोलणं मामा-भाच्यांचं आहे. मामा माळेगावच्या बाजूचे, आयुष्यभर ट्रॅक्टर-ट्रॉलीवर ऊस ओढलेले. भाचा निमगाव केतकीकडचा. ऊस, थोडं डाळिंब आणि दारात फोर-बाय-फोर थार. जागा बारामतीतलं इंदापूर रोडचं टायरचं दुकान. दोघंही आपापल्या मुद्द्यावर ठाम होते आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं, म्हणून ते इथं मांडतो आहे.

भाचा : मामा, जानेवारीत स्पितीला जायचं ठरलंय. कुंझुमची खिंड तेव्हा बंद असते, म्हणून सिमला-किन्नौरवरून काझा. गाडीला विंटर टायर घालूनच निघणार. मॉन्ट्रियलचा आपला दादा सांगत होता, त्यांच्या क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. उगाच करतील का कायदा?

मामा : उगाच नाही. पण दादाच्या दारात त्या दिवसांत बर्फ असतो. तुझ्या दारात काय असतं? दुपारचं तीसचं ऊन. मग ते टायर इथं करणार काय?

भाचा : थंडीत साधं रबर कडक होतं. सात अंशांच्या खाली गेलं की उन्हाळी टायरची पकड घटायला लागते. विंटर टायरचं रबर मऊ राहतं, त्याच्या गोट्यांवर बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात.

मामा : कबूल. मग तेच मऊ रबर तिसावर ठेव. ते आणखी मऊ होणार की नाही? इंदापूरपासून मनालीच दोन हजार किलोमीटरच्या घरात, काझाही काही जवळ नाही. जाऊन-येऊन त्यातला बर्फाचा रस्ता किती? बाकीचं सगळं गरम डांबर आणि काँक्रीट. बर्फ दिसायच्या आधीच टायर झिजून आलेलं असेल.

भाच्याचं शास्त्र बरोबर आहे आणि मामांचा हिशेबही. विंटर टायरच्या रबरात सिलिका आणि नैसर्गिक रबराचं प्रमाण जास्त ठेवतात, म्हणून ते गारठ्यातही लवचिक राहतं. गरम रस्त्यावर तोच गुण दोष होतो. गोट्या दाबाखाली वळवळतात, टायर लवकर झिजतं आणि ब्रेक मारल्यावर गाडी जास्त अंतर जाते. आपल्याकडे पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, पण उन्हं वर आली की सात अंशांची गोष्ट संपते. एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडणाऱ्या तालुक्यात असलं टायर बारमाही ठेवणं धोक्याचं आहे, हे टायर विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितलं पाहिजे.

दुकानदारानं मधेच एक टायर आडवं टाकलं आणि बाजूच्या भिंतीवर बोट ठेवलं. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण, असं लहानसं उठावाचं चिन्ह होतं. ठरावीक चाचणीत बर्फावर पुरेशी ओढ दिसली, तरच ते मिळतं. शेजारी ‘एम प्लस एस’ ही अक्षरं होती, म्हणजे चिखल आणि बर्फ. ही अक्षरं मात्र कंपनी स्वतःच्या म्हणण्यावर छापते. जर्मनीनं १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या ‘एम प्लस एस’ला हिवाळी टायर मानणं बंद केलं, ते यासाठीच. बीएफगुडरिचच्या केओ-टूसारख्या काही ऑल-टेरेन टायरांवर डोंगराचं चिन्हही असतं. असं टायर आपल्या उन्हातही चालतं आणि बर्फातही अगदीच उघडं पडत नाही.

भाचा : म्हणजे मधला मार्ग. पण मधल्या मार्गात दोन्हीकडचं थोडं थोडं सोडावं लागतं. कडक बर्फावर खरं विंटर टायर ते खरं विंटर टायर.

मामा : कडक बर्फासाठी साखळ्या आहेत. डोंगरात बर्फ पडला की पोलीस विचारतात ते हेच, फोर-बाय-फोर आहे का, साखळ्या आहेत का. टायरच्या मापाच्या साखळ्या घे आणि इथं अंगणात एकदा चढवून-उतरवून बघ. तिथं बोटं बधिर झाल्यावर शिकता येत नाही. बर्फ संपला की लगेच काढायच्या, नाहीतर टायरही जातं आणि रस्ताही.

भाचा : माझी फोर-बाय-फोर आहे, मामा. तशीही ओढून काढते.

मामा : ओढून काढते, थांबवत नाही! ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारी चाकांना असतो. तुझ्या फोर-बाय-फोरनं ब्रेकमध्ये काय भर पडली? चढताना तुला वाटतं गाडी जमिनीला धरून आहे, आणि त्याच भरवशावर तू उतारावर वेग धरतोस. माणसं फसतात ती तिथं.

या एका वाक्यासाठी मी त्यांचं बोलणं टिपून घ्यायला लागलो. दणकट गाडीचं टायर निवडताना आपल्याकडे सगळी चर्चा चढण्याची होते. कुठला घाट, कुठला चिखल, कुठलं नदीपात्र. मोबाइलवरचे व्हिडिओही चढतानाचेच असतात. थांबण्याचा व्हिडिओ कोण काढणार? पण बारामती-इंदापूरकडच्या गाडीच्या आयुष्यात कठीण क्षण येतो तो संध्याकाळी सातला, समोर दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अचानक दिसतो तेव्हा. तिथं टायर थांबलं पाहिजे. चिखलातून वर चढण्याची ताकद त्या वेळी काही कामाची नाही.

यावर भाच्यानं जे उत्तर दिलं, तेही तितकंच खरं होतं.

भाचा : मग ट्रॉलीचंही बोला ना, मामा. तुमच्या ट्रॉलीची टायरं रबर चढवलेली. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो, ट्रॅक्टरच्या ब्रेकवर सगळा भार. मागं रिफ्लेक्टर असला तर तो चिखलानं झाकलेला, नाहीतर उसाच्या वाढ्यांखाली गेलेला. मला चांगलं टायर घ्यायला सांगता, आणि मी ज्याला धडकू नये म्हणून घ्यायचं ते अंधारात उभं!

मामा : (थोडं थांबून) बरोबर आहे तुझं. पट्टी लावायला पाहिजे. खेपेआधी फडकं मारायला पाहिजे.

मग गाडी चिखलावर आली, आणि इथं मामांचा हात कोणी धरू शकत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेली काळी जमीन हे या भागाचं वैभव आहे आणि गाडीवाल्याचा काळ. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. ओली असताना ती टायरच्या खाचांत शिरते आणि चाकाच्या एका-दोन फेऱ्यांत नक्षी भरून जाते. मग टायर कितीही महागाचं असो, ते गोटाच. मामांनी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाकडे बघायला सांगितलं. त्याच्या उंच नांग्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या असतात आणि चाक पुढं फिरताना व्हीचं टोक आधी जमिनीला लागतं, त्यामुळं चिखल दोन्ही बाजूंनी बाहेर ढकलला जातो. तेच टायर कोणी उलटं बसवलं, की चिखल आत दाबला जातो आणि ट्रॅक्टर जागच्या जागी खड्डा खणतो.

भाचा : तेच तर म्हणतोय! मड-टेरेन टायरची नक्षी तशीच असते. मोठ्या गोट्या, मोठी अंतरं. चाक जोरात फिरलं की चिखल उडून जातो. फडाच्या बांधावर मला तेच लागतं. उजनीच्या फुगवट्याकडे, पळसदेव-भिगवणच्या बाजूला गेलो, तर पाणी ओसरलेल्या गाळात ऑल-टेरेन काय टिकणार?

मामा : चाक जोरात फिरवून चिखल उडतो आणि खाली माती कातरली जाते. पाणंदीची वाट लागते, उद्या तिथूनच ट्रॉली काढायची असते. रान ओलं असताना आपण औत घालतो का? नाही. वाफसा येईपर्यंत थांबतो. मग गाडीच का घालायची? पाणी दिलेल्या रानात दोन-तीन दिवस चाकच नाही गेलं पाहिजे. गेलंच तर पायी जा. आणि उजनीच्या गाळाचं नावच काढू नको. वरून सुकलेला दिसतो, खाली दलदल. तिथं तुझी थार गेली तर काढायला माझाच ट्रॅक्टर येणार, आणि तोही रुतणार.

वाफसा हा शब्द गाडीच्या चर्चेत आला आणि निम्मा वाद तिथंच मिटला, असं मला वाटतं. कुठलं टायर चिखलात चालतं याच्या आधी तिथं या घडीला जायचं का, हा प्रश्न शेतकरी रोज स्वतःला विचारतो. मड-टेरेनचे उघड तोटे पुढं येतात ते डांबरावर. गोट्यांमधली अंतरं मोठी, म्हणून रस्त्याला टेकलेलं रबर कमी, आणि ओल्या सिमेंटच्या रस्त्यावर ब्रेक लांबतो. पाटस-बारामती-इंदापूर-अकलूजचा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग आता रुंद झालेला आहे. तिथं वेग वाढतो, टायरची घरघर कानात बसते, डिझेलही जास्त जातं. महिन्यातले बहुतेक दिवस गाडी याच रस्त्यावर असते.

जिरायती पट्ट्याचं गणित वेगळं. सुपे, मोरगाव, शिरसुफळकडे मुरूम, खडी आणि वेड्या बाभळीचे काटे. तिथं चिखलापेक्षा टायरच्या बाजूची भिंत जपायची असते. नक्षीतलं पंक्चर पट्टी घालून निघतं. भिंत फाटली की टायर गेलं, ते दुरुस्त करून हायवेला चालवू नये. म्हणून जाड भिंतीचं ऑल-टेरेन तिथं उपयोगाचं. आणखी एक गोष्ट तळमळीनं सांगायची आहे. शिरसुफळ आणि इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी इथली गवताळ माळरानं मोकळी दिसतात, पण रिकामी नाहीत. चिंकारा, लांडगे, जमिनीवर घरटी करणारे पक्षी तिथं राहतात. वनखात्याची सफारी ठरलेल्या वाटेनं जाते. नवी चाकं ‘तपासायला’ त्या गवतात गाडी घालणं हा गुन्हा मानावा इतकं ते वाईट आहे. गवत दबलं की पुढच्या पावसापर्यंत चाकोरी तशीच राहते.

खरी रंगत आली ती चाकांवर. टायरच्या गप्पा सगळे मारतात, रिमकडे कोणी बघत नाही.

भाचा : टायर कुठलंही असो, पण चाक मोठं पाहिजे. वीस इंची मॅगव्हील बघून ठेवलेत. गाडी उंच दिसते.

मामा : दिसते! रिम मोठं केलं की भिंत बारीक होते. खड्डा आला की धक्का रिमला. मॅगव्हीलला तडा गेला तर इंदापुरात कोण जोडून देणार? लोखंडी डिस्क वाकली, तर हातोडीनं सरळ करून घरी येता येतं.

भाचा : मॉन्ट्रियलचा दादाही मोठं चाक घालत नाही म्हणा. हिवाळ्यासाठी त्याचा लोखंडी चाकांचा वेगळा जोड असतो, मापानं लहानच. टायर रिमवरून काढायचंच नाही, चाकासकट बदलायचं.

हे वाक्य भाच्यानं सहज टाकलं, पण उत्तर त्यातच होतं. २०२० साली थार नव्या रूपात आली, तेव्हा वरच्या एलएक्स प्रकाराला १८ इंची अलॉयवर २५५/६५ आर १८ माप होतं आणि खालच्या एएक्सला १६ इंची लोखंडी चाकावर २४५/७५ आर १६. दुकानदारानं पाठीमागच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला. अठराच्या टायरची भिंत १६६ मिलिमीटर, सोळाच्या टायरची १८४. म्हणजे रिम दोन इंचांनी लहान झालं, पण रबराची उशी १८ मिलिमीटरनं वाढली. पूर्ण चाकाचा व्यास ७८९ वरून ७७४ वर येतो. गाडी सात-आठ मिलिमीटर खाली बसते आणि मीटर १०० दाखवेल तेव्हा खरा वेग ९८ च्या आसपास. एवढा फरक चालून जातो.

उंच भिंतीचा फायदा हवा कमी करताना कळतो. रेती किंवा मऊ माती आली की ३२ ची हवा वीसच्या खाली आणायची, टायर पसरतं, जमिनीला जास्त टेकतं आणि गाडी तरते. बारीक भिंतीच्या टायरला हे झेपत नाही, रिमच जमिनीला लागायला येतं. मात्र डांबरावर यायच्या आधी हवा पुन्हा भरलीच पाहिजे, म्हणून सोबत कंप्रेसर हवा. कमी हवेत हायवेला पळालेलं टायर तापतं आणि फुटतं. हवा बघायची ती पहाटे, गाडी हलायच्या आधी. दुपारी तिसाच्या उन्हात ३२ भरलेलं टायर दुसऱ्या दिवशी पहाटे दहा अंशांवर तीनेक आकड्यांनी खाली दिसतं. ते पंक्चर नसतं, थंडी असते.

भाचा : आणि वीस इंच कायद्यात बसत नाही, हेही खरं का?

मामा : ते आरटीओला विचार. पण उद्या अपघात झाला आणि विमावाल्यानं चाकं मोजली, तर?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीच्या कागदांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. एमएच-४२ च्या गाडीला कंपनीनंच त्याच मॉडेलवर दिलेलं माप घालणं हा सगळ्यांत निर्धोक रस्ता आहे. मडगार्डच्या बाहेर आलेली चाकं देखणी वाटत असतील, पण ती शेजारून जाणाऱ्या दुचाकीवर चिखल आणि खडे फेकतात. मला ती अजिबात पटत नाहीत.

बाकीच्या गोष्टी दुकानदारानं भराभर सांगितल्या. टायरवर शेवटी चार आकडे असतात, २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. जुना माल असेल तर घेऊ नका. मापापुढचा आकडा वजनाचा. १११ म्हणजे एका टायरवर १०९० किलोपर्यंत. मूळ आकड्यापेक्षा खालचा घेऊ नका. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. रबर तिथपर्यंत झिजलं म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, टायर संपलं. आणि फोर-बाय-फोरला चारही टायरं एकाच मापाची, एकाच झिजेची पाहिजेत. दोन नवी, दोन जुनी घातली आणि फोर-बाय-फोर लावली, की चाकांच्या फेऱ्या जुळत नाहीत आणि ताण गिअरवर येतो. कोरड्या डांबरावर तर या गाडीची फोर-बाय-फोर लावूच नये.

शेवटी ठरलं ते असं. भाच्यानं सोळा इंची पाच लोखंडी चाकं घ्यायची, आधी एक चाक चढवून ते ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना हे बघायचं, आणि त्यावर डोंगराचं चिन्ह असलेली ऑल-टेरेन टायरं बसवायची. स्टेपनीही त्याच मापाची. त्याच मापाच्या साखळ्या गाडीत. जुनी अठराची चाकं झाकून शेडमध्ये, उन्हात नाही. गळीत संपलं, स्पिती झाली, की पालखीच्या आधी पुन्हा अठराची. मामांना वेगळा जोड हा खर्च वाटत होता, पण दोन जोड आलटून-पालटून वापरले तर दोन्ही दुप्पट दिवस टिकतात, हे त्यांनी मान्य केलं. विंटर टायर, वीस इंच आणि मड-टेरेन तिन्ही यादीतून गेले. माझाही कौल याच निवडीला आहे.

हंगाम सुरू होतो आहे. आपल्या गाडीच्या पाचही टायरांवरचे चार आकडे आज वाचून घ्या. आणि ज्यांच्या ट्रॉल्या फडाला लागणार आहेत त्यांना हात जोडून विनंती, मागच्या फळीला लाल रिफ्लेक्टरची पट्टी लावा आणि दर खेपेला ती फडक्यानं पुसा.